वरमाई वर गेल्या

शेवटी वरमाईंना अग्निशमन दलाने शिडी लावून गच्चीवरून खाली उतरवलं. तसं काही घडलंच नाही.

या बाबतीत कापुओत्सो कुटुंबाची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट आहे. शिडी नव्हती, दल नव्हतं, आणि गच्ची असलीच तर ती शेजारच्या गल्लीतली होती. त्या दिवशी घडलं ते एवढंच, की मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंना पायी फिरवून नापोली, म्हणजे इटलीतलं नेपल्स, दाखवण्यात आलं, मग त्या जेवल्या आणि लग्नाचं ठरलं. गल्लीतल्या सगळ्यांना हे मान्य आहे. ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांनाही. आपणही तेच धरून चालू.

तर फेर्दिनांदो कापुओत्सो हे एका नोटरीच्या कचेरीत हेड क्लार्क. नोटरीकडे हयात घालवली की माणसाला साधं वाक्य बोलता येईनासं होतं. सकाळी बायकोने "कॉफी घेणार का?" असं विचारलं, तर ते "उपरोक्त कॉफीस माझी हरकत नाही" म्हणत, आणि नुन्त्सिया म्हणे, "मग उपरोक्त कप विसळून ठेवा." संसार असा सुखाचा चालला होता.

त्यांची एकुलती एक मुलगी इम्मा उत्तरेला तोरिनोत नोकरीला गेली आणि तिथे तिला एदोआर्दो भेटला. मुलगा निर्व्यसनी. जेवणानंतर कॉफीत दूध घालून प्यायचा, जे आमच्याकडे पापात मोजतात, तेवढं सोडलं तर नाव ठेवायला जागा नव्हती, आणि इम्माने त्या दुधाकडे काणाडोळा केला होता. प्रेम आंधळं असतं, असं म्हणतात ते बहुधा यालाच.

अडलं होतं ते लग्न कुठे करायचं यावर. एदोआर्दोला वडील नव्हते, त्यामुळे सगळा कारभार आईच्या हाती. ओत्ताविया ग्रिबाउदो, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी फोनवर आपली कल्पना मांडली: लग्न तोरिनोला, मोजकी माणसं, उभ्याउभ्या खाणं, आणि चार वाजेपर्यंत जो तो आपापल्या घरी.

फेर्दिनांदोंनी हे ऐकून खुर्चीची पाठ धरली. मोजकी माणसं. कापुओत्सोंच्या घराण्यात मोजकी माणसं नुन्त्सियाच्या एका आत्यापाशीच संपतात, आणि आत्याच्या मुलांना बाहेर उभं करावं लागतं. बाकीच्यांना वगळलं तर ते जन्मभर बोलणार नव्हते, आणि न बोलता ते जे बोलले असते ते आणखी वाईट होतं. शिवाय मुलगी बापाच्या दारातून निघून आपल्या चर्चमध्ये जाते, ही रीत. या लग्नाचं आमंत्रण फेर्दिनांदोंनी सगळ्या गल्लीला इम्मा पाच वर्षांची असतानाच देऊन ठेवलं होतं. समोरच्या सेत्तीमियो न्हाव्याने त्या भरवशावर तेव्हाच सूट शिवला होता. आता तो त्याच्या एका पायाला होत होता. लग्न तोरिनोला गेलं, तर या गल्लीत मान वर करून चालता येणार नाही, हे फेर्दिनांदोंना लख्ख दिसत होतं.

"विहीणबाई," ते फोनवर म्हणाले, "एक दिवस या. आमचं शहर बघा. आवडलं तर लग्न इथे, नाही आवडलं तर तोरिनोला. माझी हरकत नाही."

"एका दिवसात बघून होतं?"

"पायी. संपूर्ण."

फोन ठेवल्यावर नुन्त्सियाने विचारलं, "तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात शेवटचे पायी कधी गेला होतात?"

"मुद्दा तो नाही."

"मुद्दा कोणता ते गुडघ्यांना विचारून ठेवा."

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले येऊ लागले. आमच्या गल्लीत सल्ला मागावा लागत नाही. तो नळासारखा आपोआप येतो, आणि नळापेक्षा नियमित येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या कोंचेत्तिनाबाईंनी सांगितलं, की वाळत घातलेले कपडे बघून उत्तरेकडची माणसं नाकं मुरडतात, तेव्हा त्या दिवशी कुणी दोरीवर काही घालू नये. सगळ्यांनी कपडे काढले. गल्ली अशी भकास दिसायला लागली, की पोस्टमनने कोण गेलं म्हणून चौकशी केली. तेव्हा सर्वानुमते ठरलं, की फक्त चांगल्या चादरी लावायच्या. चांगल्या चादरी कोणाकडे किती आहेत यावरून दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यात जे झालं ते इथे सांगत नाही, कारण त्यातली एक बाजू अजून माहेरीच आहे.

खरा सल्ला दिला तो सेत्तीमियो न्हाव्याने. तो फेर्दिनांदोंच्या गळ्याशी वस्तरा धरून बोलत असल्यामुळे त्याचं म्हणणं नेहमीच पटतं.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. आमच्याकडे टाय लावणारा प्रत्येक जण डॉक्टर. "बाईंना खाली बघू देऊ नका. खाली काय आहे? खड्डे, मोटारसायकली, आणि माझा भाचा. वर बघू द्या. आपलं शहर मानेपासून वर फार सुंदर आहे."

"मानेपासून वर," फेर्दिनांदो मान न हलवता म्हणाले.

"कुठेही अडलात की बोट वर करा. वर काही ना काही असतंच."

या वाक्यानेच पुढे घात केला.

ओत्तावियाबाई ठरल्या वेळेला आल्या, म्हणजे इथल्या हिशेबाने कोणी उठायच्या आत. पायात चालायचे बूट, खांद्याला पाण्याची बाटली, आणि डोळ्यांत हजेरी घेणारी नजर. फेर्दिनांदोंच्या पायात इम्माच्या लग्नासाठी घेतलेले चकाकते नवे बूट होते. ते चालण्यासाठी बनवलेले नव्हते. बघितले जाण्यासाठी बनवलेले होते.

निघताना नुन्त्सियाने बजावलं, "दीड वाजता ताटावर. रागू रात्रीपासून चुलीवर आहे." टोमॅटोच्या रश्श्यात मांस रात्रभर मंद आचेवर पुटपुटत ठेवायचं, म्हणजे रागू होतो. आमच्या बायका नवऱ्याला एक वेळ माफ करतात, पण रागूला उशीर करणाऱ्याला नाही.

पहिलंच चर्च बंद निघालं. दारात एक सेवेकरी खुर्ची टाकून बसला होता. ओत्तावियाबाईंनी नीट, मुख्याध्यापिकेच्या स्वरात विचारलं, "आत जाता येईल का?"

सेवेकऱ्याने हनुवटी झटकन वर उडवली आणि जिभेने च्यक् केलं.

आता, आमच्याकडे नाही म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. हनुवटी वर उडवली की झालं. नाही, बंद आहे, संपलं, मालक घरी नाहीत, मुलगी देणार नाही, सगळं त्या एका झटक्यात येतं. आईच्या मांडीवरचं पोरसुद्धा दूध नको झालं की मान अशी उडवतं. तोरिनोची माणसं मात्र नाही म्हणायला मान आडवी हलवतात आणि वर कारणही देतात.

"हे काय म्हणाले?" ओत्तावियाबाईंनी विचारलं.

शहर बघायला सुरुवात करायची आणि पहिल्याच दारात शहर नाही म्हणतंय, हे आपल्या तोंडाने विहीणबाईंना सांगायचं? फेर्दिनांदोंना न्हावी आठवला.

"म्हणतोय, वर बघा," ते म्हणाले. "आमच्याकडची खूण आहे. हनुवटी वर, म्हणजे वर बघा."

ओत्तावियाबाईंनी वर बघितलं. कमानीवर चुन्यातला एक देवदूत होता. त्याचं नाक कधीच पडलं होतं, आणि नाकाच्या जागी एक कबुतर इतकं बेतशीर बसलं होतं, की बघणाऱ्याला वाटावं मूर्तिकाराने तेच कोरलं.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "आणि किती थोडक्यात सांगितलं. आमच्याकडे यासाठी माहितीपत्रक वाचावं लागतं."

त्यांनी सेवेकऱ्याला हसून मान झुकवली. तो गोंधळला आणि त्याने पुन्हा हनुवटी उडवली. त्यांनी पुन्हा वर बघितलं.

खोट्याचं भज्यांसारखं असतं. एक तळलं की थांबावंसं वाटत नाही, कारण कढई तापलेलीच असते. इथे तर तळायलासुद्धा फेर्दिनांदोंची गरज उरली नाही. ओत्तावियाबाई जिज्ञासू बाई. त्या प्रत्येकाला काही ना काही विचारत होत्या, आणि त्या दिवशी सगळं नापोली त्यांना नाही म्हणायला टपून बसलं होतं. कागदाच्या दुकानात शहराचा नकाशा आहे का, म्हणून विचारलं. दुकानदाराने हनुवटी उडवली. त्यांनी वर बघितलं, तर छताला जुन्या बाहुल्या टांगलेल्या. फळवाल्याला विचारलं, पीच गोड आहेत का. तो प्रामाणिक माणूस निघाला, त्याने हनुवटी उडवली. वर एक काका बाल्कनीत गंजिफ्रॉकवर दाढी करत होते. त्यांनी साबणासकट लवून नमस्कार केला. बसच्या ड्रायव्हरला विचारलं, ही बस बंदराकडे जाते का. त्याने हनुवटी उडवली आणि दार लावलं. वर, दोन घरांच्या मधल्या फटीत, निळ्या आभाळाखाली कोणाची तरी गुलाबी चादर शिडासारखी फुगली होती.

"तुमची माणसं फार रसिक आहेत हो," ओत्तावियाबाई म्हणाल्या. "कामाच्या गडबडीतसुद्धा परक्या बाईला सौंदर्य दाखवायचं सोडत नाहीत."

"रक्तातच आहे," फेर्दिनांदो म्हणाले. त्यांची कॉलर घामाने चिकटली होती.

दुसरं संकट कॉफीचं. आमच्याकडे ओळखीच्या माणसाची कॉफी नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, आणि नोटरीचा हेड क्लार्क म्हणजे ज्याच्या सहीवाचून आजवर कोणाचं घर वाटलं गेलं नाही. जो तो अडवत होता. "डॉक्टरसाहेब, एक घोट." "विहीणबाईंना काय वाटेल, घ्या." "माझ्या भावाने घर बळकावलं तेव्हा तुम्ही होतात, आज कॉफी घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही." ओत्तावियाबाईंनी पहिल्या कपानंतर सरळ "नको, आभारी आहे" म्हणून टाकलं. आश्चर्य म्हणजे त्यांना सोडलं. उत्तरेकडच्या माणसाला माफ करायचं असतं, असा आमचा दयाळू समज आहे. फेर्दिनांदोंना कोणी सोडलं नाही. माध्यान्हीपर्यंत त्यांची बोटं अशी थरथरत होती, की त्यांनी एका मनोऱ्याकडे बोट दाखवलं आणि ओत्तावियाबाईंना तीन बघावे लागले.

अर्धं शहरसुद्धा बघून झालं नव्हतं.

दीड जवळ आला तेव्हा ते घराच्या दिशेला वळले. इथे फेर्दिनांदोंच्या नव्या बुटाची टाच फरसबंदीच्या दोन काळ्या दगडांच्या फटीत गेली आणि तिथेच स्थायिक झाली. त्यांनी ओढून बघितलं. वळवून बघितलं. दोन भाविक बायका थांबून पाय कसा सोडवायचा यावर एकमेकींत भांडू लागल्या. एकीचं म्हणणं होतं तेल लावा, दुसरीचं म्हणणं होतं संत अंतोनियोला सांगा.

"तुम्ही व्हा पुढे," फेर्दिनांदो विहीणबाईंना म्हणाले. एका पायावर उभ्या माणसाला जेवढं रुबाबदार राहता येतं तेवढं राहून. "डावीकडची दुसरी गल्ली. रागू थांबणार नाही. मी आलोच."

डावीकडची दुसरी. हे नापोलीत सांगायला फार सोपं आहे. पण कशाला गल्ली म्हणायचं आणि कशाला नुसती फट, यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही. ओत्तावियाबाई तोरिनोच्या, त्यांनी दोन घरांमधून माणूस जाऊ शकतो त्या प्रत्येक जागेला गल्ली धरलं, आणि मोजून बरोबर चुकीच्या अंगणात शिरल्या.

अंगणात एक बाई मटाराच्या शेंगा सोलत होती.

"इथून पलीकडे जाता येतं का?" ओत्तावियाबाईंनी विचारलं.

बाईने शेंगेवरची नजर न काढता हनुवटी उडवली.

"वर का?" ओत्तावियाबाई म्हणाल्या. "आभारी आहे." आणि जिना चढू लागल्या. ही वर कोणाच्या तरी पोराची शिकवणी घ्यायला आली असणार, असं त्या बाईने धरलं. चेहराच तसा होता, असं तिने नंतर सगळ्यांना सांगितलं.

जिना संपला तेव्हा गच्ची आली. समोरच्या गच्चीवर एक माणूस अँटेना फिरवत होता.

"खाली उतरायला दुसरा जिना आहे का?"

त्याने तारेवरून हात न काढता हनुवटी उडवली. ओत्तावियाबाईंनी वर बघितलं. गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीचा चौथरा होता आणि त्याला गंजलेली लोखंडी शिडी. शहरात अनोळखी पाहुण्याला एवढ्या काळजीने मार्ग दाखवतात आणि आपण घाबरायचं, हे त्यांना बरं दिसेना. त्या चढल्या. त्यांचा पाय चौथऱ्यावर टेकला आणि शिडीने राजीनामा दिला. ती सावकाश आडवी झाली, कठड्यावरून पलीकडे वाकली आणि एका अंगणात जाऊन पडली. तिथे ती अजून आहे. तिच्यावर टोमॅटो चढवले आहेत.

हे सगळं कोंचेत्तिनाबाईंनी आपल्या खिडकीतून बघितलं. आमच्या गल्लीची मागची बाजू आणि ती गच्ची समोरासमोर येतात. त्यांनी जिन्यात येऊन नुन्त्सियाला हाक मारली.

"नुन्त्सिया, तुझ्या विहीणबाई वर गेल्या गं."

नुन्त्सियाच्या हातातला झारा गळाला. तिने क्रूसाची खूण केली. मग तिने रागूखालची आच बंद केली. हे लिहायलाही हात धजत नाही. मोठ्या भूकंपात सगळी गल्ली रस्त्यावर झोपली होती, तेव्हासुद्धा नुन्त्सियाने वर जाऊन रागू हलवला होता.

"कशाने?" ती म्हणाली. "सकाळी तर धडधाकट होत्या."

"पायांनी," कोंचेत्तिनाबाई म्हणाल्या. "आपल्या आपण गेल्या. चेहरा इतका समाधानी होता."

यापुढे कोणाला काही विचारायचं सुचलंच नाही. फेर्दिनांदो एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा घालून गल्लीत लंगडत आले, तेव्हा सेत्तीमियोने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं. त्याने बाहेर येऊन त्यांना मिठी मारली.

"डॉक्टरसाहेब, धीर धरा."

"एवढं काही नाही," फेर्दिनांदो म्हणाले. त्यांना वाटलं बुटाबद्दल चाललंय. "उद्या काढून आणतो. फार घट्ट बसलाय."

सेत्तीमियोने डोळे पुसले. दुःखाने माणूस काय बोलेल याचा नेम नसतो.

नुन्त्सिया दारात उभी होती. "इम्माला कोण सांगणार?" ती म्हणाली. "पोराची आई गेली आपल्या शहरात येऊन. आता लग्न इथेच काय, तिथेसुद्धा होत नाही."

फेर्दिनांदो एका बुटासकट पायरीवर बसले. एवढ्यात वरून, आभाळातून, एक स्पष्ट आवाज आला.

"फेर्दिनांदो, तुम्ही उशीर केलात. पण इथून समुद्र फार छान दिसतो."

सगळ्या गल्लीने माना वर केल्या. गच्चीच्याही वर, टाकीच्या चौथऱ्यावर, समुद्रावरच्या वाऱ्याने केस उडालेल्या वरमाई उभ्या होत्या आणि हात हलवत होत्या.

मग जे सुरू झालं त्याला जत्रा म्हणायचं नाही, कारण जत्रेला परवानगी लागते. नुन्त्सियाने आच पुन्हा पेटवली आणि पास्ता पाण्यात सोडला. पलीकडच्या गच्चीवरून बांबूने दोरी पोहोचवली, दोरीला टोपली बांधली, आणि टोपलीतून रागू वर गेला. मागोमाग पाव, घडीची खुर्ची, उशी, आणि संत अंतोनियोचं चित्र. खाली उतरवायचं कसं यावर बारा जणांनी चौदा उपाय सुचवले. त्यातल्या एका उपायात बाईंच्या वजनाची चौकशी होती. तो सेत्तीमियोने सभ्यतेने दाबला. कोणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. म्हणजे, केला नाही.

न आलेल्या दलाचा प्रमुख मिशीवाला आणि दमदार होता. त्याने हाताचा कर्णा केला.

"बाई, खाली उतरायचंय का?"

ओत्तावियाबाईंच्या समोर सगळा उपसागर पसरला होता, पलीकडे व्हेसुव्हियस, मांडीवर रागूची ताटली. हा आनंद एकटीने घ्यायला त्यांना कसंसंच वाटत होतं. माणसाने इथलं काही शिकावं, म्हणून त्यांनी खास इथल्या पद्धतीने उत्तर दिलं. वर या, बघा. हनुवटी झटकन उडवली. च्यक् सुद्धा जमलं.

"नाही म्हणतायत," प्रमुख म्हणाला.

"पुन्हा विचारा."

त्याने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा, जास्तच आग्रहाने, हनुवटी उडवली.

"हे बघा," प्रमुख गल्लीला म्हणाला, "नागरिक स्वखुशीने वर बसला असेल, तर त्याला उतरवण्याची आमच्याकडे तरतूद नाही." आणि शिडी मिटवायला सांगितली.

नुन्त्सियाने नवऱ्याकडे बघितलं. तिने एवढंच विचारलं, "अहो. तुम्ही काय केलंत?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत फेर्दिनांदोंनी कित्येकांचे कबुलीजबाब नोंदवले होते, पण स्वतःचा एकही दिला नव्हता. गप्प बसलं तर दल निघून जाईल, विहीणबाई संध्याकाळपर्यंत टाकीवर, आणि संध्याकाळी त्यांना कळणारच. बोललं तर आत्ताच कळणार, सगळ्या गल्लीसमोर, आणि लग्न तोरिनोला, उभ्याउभ्या, चार वाजेपर्यंत. त्यांनी एका बुटावर शक्य तेवढं ताठ उभं राहून घसा खाकरला.

"विहीणबाई. आज सकाळी एका धार्मिक स्थळाच्या दारात, तेथील सेवेकऱ्याच्या उपरोक्त खुणेचा अन्वयार्थ लावताना माझ्याकडून वस्तुस्थितीशी विसंगत असं विधान करण्यात आलं."

एवढं वर ऐकू जाणं शक्यच नव्हतं. म्हणून मजल्यामजल्याने ते पुढे सरकवलं. पहिल्या मजल्याने दुसऱ्याला सांगितलं, "चर्चमध्ये काहीतरी झालंय म्हणे यांच्या हातून." दुसऱ्याने सांगितलं, "चर्चमध्ये पाप केलंय. कोणतं ते सांगत नाहीत." कोंचेत्तिनाबाई मात्र खिडकीत पहिल्यापासून होत्या, त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आमच्या गल्लीच्या इतिहासातला सगळ्यांत अचूक अनुवाद केला.

"विहीणबाई, यांनी तुम्हाला थाप मारली. हनुवटी वर म्हणजे नाही."

वरच्या ताटलीतला काटा थांबला.

"म्हणजे," ओत्तावियाबाई सावकाश म्हणाल्या, "सकाळपासून हे सगळं शहर मला नाही म्हणतंय?"

"हो," फेर्दिनांदो म्हणाले. आयुष्यातलं त्यांचं सगळ्यांत लहान वाक्य.

"आणि मी सगळीकडे गेले."

ओत्तावियाबाईंनी पावाच्या तुकड्याने ताटली स्वच्छ पुसली, टोपलीत ठेवली, आणि मग त्या शिडीवरून खाली आल्या नाहीत. दलाच्या प्रमुखाने त्यांचा हात धरला नाही, गल्लीने टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि सेत्तीमियोने भावनेच्या भरात दलातल्या सगळ्यांची दाढी फुकट करून दिली नाही.

कॉफीच्या वेळी कापुओत्सोंच्या टेबलाभोवती नुन्त्सिया, फेर्दिनांदो आणि ओत्तावियाबाई बसले होते. जिन्यात गल्ली बसली होती. दार लोटलेलं होतं, म्हणजे उघडंच. फेर्दिनांदो मान खाली घालून निकालाची वाट बघत होते.

"शाळेत एखादं मूल खोटं बोललं तर मी काय करायचे, माहीत आहे?" ओत्तावियाबाई म्हणाल्या.

"उभं करायचात," नुन्त्सिया म्हणाली. "यांना करा. बुटाशिवाय करा."

"उभं करून मूल फक्त उभं राहायला शिकतं. मी त्याला ते खोटं खरं करून दाखवायला लावायचे. एकाने सांगितलं होतं, घरी हत्ती आहे. बिचारा वर्षभर मातीचा हत्ती करत होता. आता तो शिल्पकार आहे." त्यांनी कॉफीचा घोट घेतला, बिनदुधाच्या. "फेर्दिनांदो, फोनवर तुम्ही काय म्हणाला होतात? पायी. आणि सकाळी काय म्हणालात? वर. टाकीवरून मला एक चर्च दिसलं. त्या समोरच्या टेकडीच्या माथ्यावर, छोटंसं, पिवळं. लग्न तिथे."

फेर्दिनांदोंनी मान वर केली. "म्हणजे इथे. नापोलीत."

"इथेच. तुमची माणसं बोलवा, हवी तेवढी. जेवण या गल्लीत. मला जे टोपलीतून आलं तेच, बसून. फक्त वऱ्हाड गाडीने जायचं नाही. जुन्या पायऱ्यांनी जायचं, पायी, वरपर्यंत. सगळ्यांत पुढे वधूपिता. नव्या बुटांत."

जिन्यातून हर्षाचा एक कल्लोळ उठला, आणि मध्येच त्यातले काही आवाज गळाले. ज्यांना पायऱ्या माहीत होत्या त्यांचे ते. नुन्त्सियाच्या आत्याला दोन्ही खुबे नवे बसवले आहेत. तिने त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, की लग्न तोरिनोला असतं तर निदान रेल्वे होती, आणि यापुढे ती फेर्दिनांदोंशी बोलणार नाही. तिच्या मागोमाग तिच्या मुलांनी, मग दोन मावश्यांनी आणि एका सांधेदुखीच्या मामांनी तेच कळवलं. ज्यांनी अबोला धरू नये म्हणून फेर्दिनांदोंनी एवढा घाट घातला, त्या सगळ्यांनी आमंत्रण स्वीकारलं आणि अबोला धरला.

इम्मा मात्र फोनवर खूश होती. "बाबा, तुम्ही हे जमवलंत कसं?" तिने विचारलं.

"पायी," फेर्दिनांदो म्हणाले, आणि फोन ठेवून टेबलाच्या खणातून कचेरीचा चांगला जाड कागद काढून त्यावर अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो तिकीट लावून महापालिकेत स्वतः दाखल केला आणि पोच घेतली. तो पुढीलप्रमाणे.

"मा. महापौर यांचे सेवेशी. विषय: टेकडी खाली घेणेबाबत. महोदय, अर्जदाराच्या कन्येचा विवाह येत्या मे महिन्यात, आपल्या हद्दीतील टेकडीवरील पिवळ्या चर्चमध्ये योजिला आहे. सदर टेकडी प्रमाणाबाहेर उंच असल्याचे अर्जदाराच्या अलीकडेच निदर्शनास आले. सबब नम्र विनंती, की विवाहाच्या दिवशी सकाळपासून वऱ्हाड परत येईपर्यंत सदर टेकडी, चर्चसह, रस्त्याच्या पातळीवर आणून ठेवण्यात यावी, व जेवणे उरकल्यावर पूर्ववत करण्यात यावी. तांत्रिक कारणास्तव टेकडी खाली घेणे शक्य नसल्यास, उर्वरित शहर तेवढेच वर घेण्यास अर्जदाराची हरकत नाही. वधूपक्षाकडील मंडळींचे गुडघे व खुबे यांची सद्यःस्थिती दर्शविणारे दाखले सोबत जोडले आहेत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी व तसे अर्जदारास लेखी कळविण्यात यावे."